एका वेळी किती इनपुट? घरच्या स्टुडिओचं सॉफ्टवेअर तिथून ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँडने घरी रेकॉर्डिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? पाच जणांचा बँड. ड्रम, बास, दोन गिटार आणि की-बोर्ड, की-बोर्डवालीच गाते. आठ इनपुटांचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) घेऊन झालाय, विंडोज लॅपटॉप आहे, एक खोली आहे. ड्रमर म्हणतो, ऑडॅसिटी फुकट आहे, तीच वापरू. बासवाल्याच्या मते प्रो टूल्सशिवाय खरं रेकॉर्डिंग होत नाही आणि पुढे मिक्स बाहेर द्यायची वेळ आली तर अडेल. शिवाय लॅपटॉपची डिस्क पुरेल का, हा उपप्रश्न.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तुमच्या जागी मी रीपर हे सॉफ्टवेअर उतरवून घेईन, त्याच्या ६० दिवसांच्या चाचणी-मुदतीत दोन गाणी शेवटपर्यंत नेईन आणि मगच परवान्याकडे वळेन. पण मी म्हणतो म्हणून घेऊ नका. तुमच्या खोलीत काय काय वाजतं ते मोजलं की निम्मी सॉफ्टवेअरं आपोआप गळतात.

जाहिरातीत ट्रॅकचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. बँडला त्याआधी दुसरा आकडा लागतो: एकाच वेळी किती इनपुटं, किती वेगळ्या ट्रॅकवर उतरवता येतात? एकटा माणूस एकावर एक थर चढवत गाणं बांधतो. त्याला दोन इनपुटं जन्मभर पुरतात. पाच जण एका दमात वाजवणार असतील तर हिशेब बदलतो. तुमचाच करू. ड्रमचे माइक: किक, स्नेअर आणि वरचे दोन ओव्हरहेड मिळून चार. बास डीआय बॉक्समधून (वाद्य माइकशिवाय थेट जोडणारा डबा), पाच. दोन गिटार, सात. की-बोर्डचे डावं-उजवं दोन, नऊ. गाण्याचा माइक, दहा. इनपुटं आठ. घोडं इथेच पेंड खातं.

इथे बहुतेक जण दुसरा इंटरफेस आणायला धावतात. तुम्ही धावू नका. विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ज्या एएसआयओ ड्रायव्हरमधून इंटरफेसशी बोलतं तो साधारणपणे एका वेळी एकाच उपकरणाचा असतो. दोन उपकरणं कशीबशी जुळवलीत तरी आवाज मोजायचा वेग ठरवणारी दोघांची घड्याळं वेगळी. दशलक्षात २० भाग एवढाच फरक धरा. चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी दोन इंटरफेसमधले ट्रॅक जवळपास ५ मिलिसेकंदांनी सरकलेले असतात. ओव्हरहेड एका इंटरफेसवर आणि स्नेअर दुसऱ्यावर असेल तर पहिल्या कडव्यात भरदार वाटणारा स्नेअर शेवटच्या कडव्यात पोकळ होतो आणि का ते कुणालाच कळत नाही. तुमच्या इंटरफेसला मागे ऑप्टिकल एडॅट इनपुट (प्रकाशाच्या वायरने जादा चॅनेल आणणारं) आहे का ते बघा. असेल तर ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, आणखी आठ चॅनेल त्याच घड्याळावर मिळतात (९६ वर फक्त चार). वाढवायचंच झालं तर तो रस्ता.

तूर्त वाढवायची गरजच नाही. की-बोर्डवालीपुढे एक छोटा मिक्सर ठेवा. तिचा आवाज आणि की-बोर्ड त्यातून एकत्र होऊन आठव्या इनपुटावर येऊ द्या. हा फक्त मार्गदर्शक ट्रॅक, बाकीच्यांना गाणं कुठे पोचलंय ते कळावं म्हणून, नंतर पुसायचा. पण त्याच वेळी की-बोर्डची यूएसबी वायर थेट लॅपटॉपला लावा आणि तिने दाबलेला प्रत्येक स्वर मिडी म्हणून नोंदवा. मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणता स्वर कधी दाबला याची नोंद; तिला ऑडिओचं इनपुट लागत नाही. पुढे निवांतपणे तोच मिडी उलटा की-बोर्डला पाठवायचा. तो स्वतःच्या आवाजात अख्खं गाणं पुन्हा वाजवतो आणि तुम्ही ते स्टिरिओमध्ये उतरवून घेता. चुकलेला कॉर्ड असेल तर उतरवण्याआधी दुरुस्त करता. गाणं नंतर एकटीने, शांतपणे. गिटार ॲम्पमधून न वाजवता थेट इंटरफेसमध्ये घ्या आणि सगळे हेडफोनवर वाजवा, म्हणजे ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरत नाही. ॲम्पचा आवाज नंतर प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) द्या; न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आहे आणि चांगलं आहे.

आता सॉफ्टवेअरकडून काय हवं ते स्पष्ट झालं: आठ ऑडिओ ट्रॅक आणि एक मिडी ट्रॅक, एकाच वेळी. ऑडॅसिटीचं नाव इथे कापलं जातं. तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. मुलाखती, पॉडकास्ट, जुन्या कॅसेटी साफ करणं यासाठी मी ती आजही उघडतो. पण मिडी रेकॉर्ड करणं हे तिचं कामच नाही, आणि प्रत्येक ट्रॅकला हवं ते इनपुट नेमून द्यायची सोय तिच्या मूळ बांधणीत नाही. परवान्याच्या अडचणीमुळे विंडोजवरच्या तिच्या तयार आवृत्तीत वर्षानुवर्षं एएसआयओ नव्हतं. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरमधून आठ इनपुटांचा इंटरफेस पुष्कळदा चार स्टिरिओ जोड्या म्हणून दिसतो, आणि त्यातली एकच जोडी निवडता येते. ‘इंटरफेस बिघडलाय का, दोनच माइक येतायत’ असे जे फोन मला येतात, त्यातल्या बहुतेकांत इंटरफेस ठणठणीत असतो.

फुकटच्या दुसऱ्या प्रकारात मोठ्या सॉफ्टवेअरच्या छाटलेल्या आवृत्त्या येतात. प्रो टूल्स इंट्रो फुकट मिळतं, आणि त्यात ऑडिओ ट्रॅक आठ. आठ इनपुटं, आठ ट्रॅक, झकास जुळलं की! जुळत नाही. पहिल्या संध्याकाळी आठही भरतात. मग मुख्य गायन कुठे? त्याचा डबल? कोरसचे दोन-तीन आवाज, टॅम्बोरिन, दुसऱ्या गिटारचा एकल तुकडा? साध्या रॉक गाण्याचे बघता बघता चोवीस-तीस ट्रॅक होतात. ट्रॅक एकत्र पाडून जागा करता येते. १९७९ साली निघालेल्या पोर्टास्टुडिओवर चार ट्रॅकच्या कॅसेटवर लोक तेच करत. पण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज ती शिस्त हौसेने पाळायची असेल तर पाळा, सॉफ्टवेअरने लादली म्हणून नको. इंटरफेसबरोबर फुकट आलेल्या सॉफ्टवेअरच्या कोडचंही हेच. कोड वाया घालवू नका, पण बसवण्याआधी दोन गोष्टी वाचा: एकूण ट्रॅक किती आणि एकाच वेळी इनपुटं किती. दुसरी गोष्ट बारीक अक्षरात असते.

बाकीचे पर्याय भराभर. तुमच्यापैकी कुणाकडे मॅक असता तर मी वेगळं बोललो असतो: गॅरेजबँडने सुरुवात करा, अडलं की लॉजिक प्रो घ्या, गॅरेजबँडची फाइल त्यात तशीच उघडते. क्यूबेस उत्तम आहे आणि मिडीत तर जुना मुरलेला; एएसआयओ आणि व्हीएसटी प्लगइन या दोन्ही गोष्टी स्टाइनबर्ग या त्याच्याच कंपनीने आणल्या. पूर्ण आवृत्ती परवडत असेल तर डोळे मिटून चालेल, छोट्या आवृत्त्यांना मात्र वरचाच नियम लावा. एबलटन लाइव्ह लूप आणि रंगमंचासाठी सुंदर. पाच जणांचे सलग टेक (एका दमात केलेली रेकॉर्डिंग) कापत बसायला मला ते कधी मानवलं नाही, पण तो माझा हात. आर्डर मुक्त स्रोत आहे आणि लिनक्सवाल्यांनी आधी तेच पाहावं. विंडोजसाठी तयार बांधलेली फाइल हवी तर थोडे पैसे द्यावे लागतात. वेव्हफॉर्म फ्री खरोखर फुकट आहे, ट्रॅकची मर्यादा नाही. त्याची खिडकी ज्याला रुचते त्याला रुचते.

रीपर का? ट्रॅकना मर्यादा नाही, इनपुटांना नाही, आणि चाचणीच्या मुदतीत काहीही बंद ठेवलेलं नाही. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचं हे काम. २००५ साली बाहेर आलं तेव्हापासून आटोपशीर राहिलंय. जुन्या लॅपटॉपवरही दमत नाही. परवाना एकदाच, आणि तो दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालतो. खोटही सांगतो. पहिल्यांदा उघडलंत की राखाडी रिकामी खिडकी दिसते, कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही. तयार ड्रम, पियानो, गिटार ॲम्प यातलं जवळजवळ काही सोबत येत नाही. मेनू एवढे लांब की खाली उतरताना सुरुवात विसरते. ज्याला लूप ओढून गाणं रचायचंय त्याला मी रीपर सुचवत नाही. तुमच्याकडे मात्र वाजवणारी जिवंत माणसं आहेत, त्यामुळे ही उणीव तुम्हाला बोचणार नाही.

एक सोय बँडसाठी फार कामाची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट वेगळा नसतो. वाजवणाऱ्यापैकीच कुणीतरी लॅपटॉपचं बटण दाबतो, धावत जाऊन काठ्या उचलतो, आणि पहिल्या चार मात्रा त्या धावपळीत जातात. रीपरमध्ये ब्राउझरमधून चालणारा रिमोट आहे. ड्रमरने फोन हाय-हॅटच्या स्टँडला अडकवावा आणि तिथूनच रेकॉर्ड, थांब, मागे जा. एका बँडमध्ये एवढ्या एका बदलाने संध्याकाळी चारऐवजी नऊ टेक व्हायला लागलेले मी पाहिलेत.

आता लेटन्सी, म्हणजे वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा उशीर. हिच्यामुळे लोक सॉफ्टवेअर बदलत राहतात आणि दोष तिथे नसतोच. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा, म्हणजे नमुन्यांचा, बफर (आवाज पुढे जाण्याआधी थांबतो ती जागा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, येताना एकदा, जाताना एकदा, वर इंटरफेसच्या रूपांतराचा वेळ. एकूण सात ते दहा मिलिसेकंद धरा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्याइतका. गिटारवाल्याला तो चालतो. गाणाऱ्याला चालत नाही, कारण तिचा आवाज तिला कवटीतूनही ऐकू येतो आणि उशिरा आलेला आवाज त्याच्याशी भांडतो. तिला इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवरून ऐकवा, सॉफ्टवेअरमधून नको. ब्लूटूथ हेडफोन खोलीबाहेर ठेवा.

ऐकण्यातला उशीर वेगळा आणि नोंदवण्यातला उशीर वेगळा. दुसरा जास्त छळतो. ड्रम आधीच रेकॉर्ड झालेले आहेत, बासवाला त्यावर वाजवतो, वाजवताना एकदम तालात. परत ऐकलं तर वरातीमागून घोडं. बासवाल्याला शिव्या पडतात. सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारतं, ‘तुझा उशीर किती?’ आणि तेवढं मागे ओढून ट्रॅक ठेवतं. ड्रायव्हर कधीकधी चुकीचं सांगतो, एवढीच भानगड.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंटरफेसच्या एका आउटपुटातून वायर काढून सरळ त्याच्याच एका लाइन इनपुटात खुपसा. त्या इनपुटाचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी वाजेल. क्लिकचा आवाज असलेला एक ट्रॅक वाजवा आणि दुसऱ्यावर तोच रेकॉर्ड करा. आता एका क्लिकवर झूम करत जा, लाट सुटे ठिपके दिसेपर्यंत. दोन्ही लाटांची सुरुवात एकाखाली एक आली तर प्रश्न मिटला. माझ्या एका जुन्या इंटरफेसवर ती ४१२ सॅम्पल उशिरा येत होती. ४८ किलोहर्ट्झवर म्हणजे साडेआठ मिलिसेकंद. एका थरात जाणवत नाही. पण असे ट्रॅक ऐकत ऐकत त्यावर पुढचं वाजवत गेलो की चौथ्या थराला गाणं पाय ओढत चाललंय असं वाटायचं, आणि मी दोन महिने स्वतःच्या हातांना दोष देत होतो. रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये हा आकडा हाताने भरायची जागा आहे. तो भरला आणि झालं. ही जागा ज्या सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही ते बँडच्या कामाचं नाही, असं माझं मत आहे.

बासवाल्याचा मुद्दा. प्रो टूल्स १९९१ पासून आहे आणि व्यावसायिक स्टुडिओंत त्याचं राज्य आहे, हे खरं. पण आवाजाच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच फाइली दोन सॉफ्टवेअरमध्ये टाका, फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) सारखे ठेवा, प्लगइन नको, दोन्ही मिक्स बाहेर काढा, एकाची पोलॅरिटी उलटी करून (लाटेची वरची बाजू खाली) दुसऱ्यावर ठेवा: शांतता ऐकू येते. नाही आली तर पॅन लॉ तपासा. मधोमध ठेवलेला आवाज प्रत्येक सॉफ्टवेअर किती डेसिबलने उतरवतं यात फरक असतो, आणि ‘अमक्यात जास्त भरदार वाटतं’ यामागे पुष्कळदा तेवढंच असतं.

मिक्स बाहेर देताना प्रकल्पाची फाइल जुळायची गरज पडत नाही. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून शेवटपर्यंत सलग, २४ बिट वेव्ह फाइल म्हणून काढायचा, मधली शांतता धरून. समोरचा माणूस त्या सगळ्या फाइली डावीकडे चिकटवतो आणि काम सुरू करतो, मग त्याच्याकडे काहीही असो. सोबत टेम्पो लिहून द्या. फाइलींना नावं द्या, आणि ती रेकॉर्ड करण्याआधी द्या. मला एकदा एका बँडकडून ६३ फाइली आल्या होत्या, सगळ्यांची नावं ‘ऑडिओ’ आणि पुढे आकडा. अर्धा दिवस मी नुसता ऐकून ऐकून टॅम्बोरिन आणि हाय-हॅट वेगळे करत होतो. रीपरमध्ये ट्रॅकला नाव दिलं की फाइलीला तेच लागतं. आठ ट्रॅकना नावं आणि इनपुटं एकदा नेमून तो साचा जतन करून ठेवा. प्रत्येक सरावाला तोच उघडायचा.

अशा वेव्ह फाइली बाहेर देणार नसलात तरी काढून ठेवा. केकवॉक सोनार हे जुनं, चांगलं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं आणि वापरणारे हादरले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून निभावलं. दरमहा पैसे भरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तर हे जास्तच लागू. भरणं थांबलं आणि प्रकल्प उघडेना, तर तुमचंच गाणं तुम्हाला परकं होतं.

चाचणीच्या मुदतीत काय करायचं तेही सांगतो, कारण बहुतेक जण त्यात रंगसंगती बदलत बसतात. एका सरावाला आठही ट्रॅक चालू करून सलग ४० मिनिटं रेकॉर्ड करा. मधे कुठे टकटक किंवा तुटकपणा येतो का बघा. मग बासच्या एका चुकलेल्या जागी पंच-इन करा: दोन मात्रा आधीपासून ऐकत यायचं, नेमक्या जागी रेकॉर्ड सुरू, नेमक्या जागी बंद. गाण्याचे तीन टेक घेऊन ओळीओळीने चांगली ओळ निवडा. रीपरच्या सातव्या आवृत्तीपासून हे लेनवर (एकाखाली एक मांडलेल्या टेकच्या पट्ट्यांवर) सोपं झालंय. त्याआधी मी लोकांना हे शिकवताना घाम गाळायचो. शेवटी सगळं वेव्ह म्हणून काढून दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर उघडा. ज्याच्या हाती माऊस राहणार आहे त्याला यातलं काय सोपं गेलं ते विचारा. इतर चौघांचं मत घ्यायची गरज नाही.

राहिली डिस्क. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो. आठ ट्रॅक तासभर म्हणजे सुमारे ४.१५ जीबी. तीन तासांच्या सरावात रेकॉर्ड बटण दाबून विसरलात तर साडेबारा. लॅपटॉपची आतली डिस्क त्या संध्याकाळी पुरेल, महिनाभर नाही; बाहेरची एसएसडी घ्या आणि रेकॉर्डिंग थेट तिच्यावर करा. ९६ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका, जागा दुप्पट जाते आणि एडॅटचे चॅनेल निम्मे होतात. पातळी बेताची ठेवा: सर्वांत जोराचा फटका उणे १०-१२ डेसिबलच्या आसपास गेला तर पुरे. २४ बिटमध्ये काठापर्यंत भरण्याचं कारण उरलेलं नाही.

प्रकल्पाचा फोल्डर क्लाउडशी जोडलेल्या जागी ठेवू नका. एका रात्री आमचा सगळ्यात चांगला टेक तिसऱ्या मिनिटाला फाटला, कारण लॅपटॉपला नेमकं तेव्हाच त्या वाढत्या फाइली वर चढवायचं सुचलं. सराव संपल्यावर प्रत घ्या, चालू असताना नाही. फोनचा रिमोट वापरत नसाल तर वाय-फाय बंद, झोपेची सेटिंग बंद. आणि गिटारच्या ट्रॅकवर घूं असा आवाज आला तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका.